काडतुसाची टोपी कोणाच्या हाती?

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत एक मोठा औद्योगिक व्यवहार पूर्ण झाला. व्हिस्टा आउटडोअर या कंपनीचा काडतुसांचा सारा व्यवसाय प्राग येथे मुख्य कचेरी असलेल्या चेकोस्लोव्हाक ग्रुप या उद्योगसमूहाने सुमारे २२२ कोटी डॉलर मोजून विकत घेतला. फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टन ही अमेरिकन शिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाची नावे या व्यवहाराने युरोपीय मालकीखाली गेली. शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेत नोंदवून ठेवणाऱ्या आणि त्या हक्काबद्दल कमालीचा संवेदनशील असलेल्या राष्ट्रात हे घडावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. काही सिनेटरांनी राष्ट्रीय सुरक्षिततेचा मुद्दाही उपस्थित केला होता. तथापि सरकारच्या संबंधित समितीने परवानगी दिली आणि व्यवहार पार पडला.

या घटनेचे महत्त्व शेअर बाजारापुरते मर्यादित नाही. बंदुकीच्या प्रश्नावरील सगळी चर्चा आजवर बंदुकीभोवती फिरत आली आहे. बंदूक कोणाला मिळावी, किती मिळाव्यात, त्यांची नोंद कोणी ठेवावी, हे प्रश्न हिरिरीने वादविले जातात. परंतु काडतुसाविना बंदूक ही केवळ एक लोखंडी नळी असते. बंदूक शंभर वर्षे टिकते. काडतूस एकदाच वापरले जाते आणि पुन्हा पुन्हा मिळवावे लागते. म्हणूनच शस्त्रावर समाजाचा ताबा असावा की नसावा, आणि असल्यास तो कोठे असावा, याचा खरा कस काडतुसापाशी लागतो. भारतीय वाचकाला हे सांगण्याची फारशी गरज नाही. काडतूस कोणी बनविले आणि त्याला कसली चरबी लावली, या एका शंकेने १८५७ साली डमडमच्या छावणीतून केवढा वणवा पेटला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

टेबलावरचा कारखाना

काडतुसाचे घटक चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली स्फोटक टोपी, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. घोडा ओढला की टोपीवर आघात होतो, तिची ठिणगी दारूला लागते आणि दारूच्या वायूंचा दाब गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. टोपी, दारू आणि गोळी ही तिन्ही खर्ची पडतात. पुंगळी मात्र शिल्लक राहते. काडतुसातील सर्वांत महाग भाग बहुधा हाच असतो. तो पुन्हा वापरता येतो, ही साधी गोष्ट अमेरिकेतील एका मोठ्या गृहोद्योगाचा पाया आहे. एकोणिसाव्या शतकात गवताळ मैदानांवर रानरेड्यांची कत्तल करणारे शिकारी रात्री शेकोटीपाशी बसून आपली काडतुसे आपणच भरीत. दुकान शेकडो मैल दूर असल्याने त्यांना दुसरा मार्ग नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच गरजेचे छंदात रूपांतर झाले. कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांची आरसीबीएस, नेब्रास्कात जॉइस हॉर्नडी यांची कंपनी आणि पुढे आरिझोनात माइक डिलन यांची कंपनी या छंदावरच उभ्या राहिल्या.

यातील डिलन यांच्या यंत्राने छंदाचे स्वरूप पालटले. साध्या दाबयंत्रावर एका वेळी एका पुंगळीवर एकच क्रिया होते. ‘प्रोग्रेसिव्ह प्रेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रात फिरत्या तबकडीवर अनेक पुंगळ्या एकाच वेळी बसतात. दांडा एकदा ओढला की एका पुंगळीची जुनी टोपी निघून तिला मूळ आकार येतो, दुसरीत मापाची दारू पडते, तिसरीवर गोळी बसते, चौथीचे तोंड आवळले जाते. दांडा परत जाताना नवी टोपी बसते आणि तबकडी एक घर पुढे सरकते. म्हणजे प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडते. सुतारकामाच्या टेबलावर मावणारे हे यंत्र तासाला काही शे काडतुसे देते. गिरणीतील साखळी-पद्धतीचे तत्त्व त्याने माणसाच्या घरातल्या एका कोपऱ्यात आणून बसविले.

यंत्राची गती वाढली, पण माणसाची जबाबदारी त्यामुळे कमी झाली नाही, उलट वाढली. एकेक क्रिया वेगळी असते तेव्हा प्रत्येक पुंगळी हातातून जाते आणि डोळ्यांखालून जाते. सगळ्या क्रिया एकत्र घडू लागल्या की एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडली किंवा पडलीच नाही, हे कळण्याची संधी एका क्षणाची असते. दारू जास्त झाली तर बंदूक फुटते. ती पडलीच नाही तर केवळ टोपीच्या जोरावर गोळी नळीत अडकते आणि मागून येणारी दुसरी गोळी अनर्थ करते. म्हणून असे यंत्र बसविताना जाणकार माणूस घाई करीत नाही. टेबल हलणार नाही अशा रीतीने यंत्र पक्के करणे, प्रत्येक साचा एकेका पुंगळीवर स्वतंत्रपणे जुळविणे, दारूचे माप तराजूवर पुनःपुन्हा ताडून पाहणे आणि छापील कोष्टकातील कमी मापापासूनच आरंभ करणे, ही त्यातील शिस्त आहे. रायफलीच्या बाबतीत ती अधिकच कडक असते. बाटलीसारख्या निमुळत्या मानेची पुंगळी साच्यात अडकू नये म्हणून तिला आधी वंगण लावावे लागते. प्रत्येक वापराबरोबर ती थोडी लांबते, म्हणून ती मोजून कातरावी लागते. त्यामुळे रायफलीची काडतुसे भरणारे कित्येक जण ‘एका ओढीत एक काडतूस’ या जाहिरातीच्या मोहात न पडता काम दोन टप्प्यांत विभागतात. यंत्र कितीही वेगवान असले तरी त्याची खरी गती माणसाच्या लक्षावरच ठरते.

स्वावलंबनाचा आभास

या छंदामागे एक तत्त्वज्ञानही आहे. आपले काडतूस आपणच भरणारा माणूस दुकानदारावर अवलंबून नाही, कारखानदारावर नाही आणि सरकारवरही नाही, अशी त्याची श्रद्धा असते. गेल्या काही वर्षांनी या श्रद्धेची कठोर परीक्षा घेतली. २०२० साली महामारी, रस्त्यांवरील असंतोष आणि अध्यक्षीय निवडणूक एकत्र आल्या. बंदुकांची विक्री वाढली आणि काडतुसे दुकानांतून नाहीशी झाली. त्या वेळी घरी यंत्र असलेले लोक निश्चिंत असायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांच्याकडे यंत्र होते, पुंगळ्यांच्या बरण्या होत्या, गोळ्याही होत्या. नव्हत्या त्या टोप्या. कारखानदारांनी टोप्या आधी स्वतःच्या तयार काडतुसांसाठी वापरल्या आणि सुट्या विक्रीला उरल्यासुरल्याच आल्या. आघाताने पेटणारे रसायन चिमूटभर धातूच्या वाटीत भरण्याचे हे काम इतके नाजूक आणि धोक्याचे आहे, की ते घरच्या टेबलावर होत नाही. ते करणारे मोठे अमेरिकन कारखाने अवघे चार होते : फेडरल, सीसीआय, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. २०२० मध्ये रेमिंग्टनचे दिवाळे निघाले, तिचा काडतुसांचा व्यवसाय व्हिस्टाने घेतला आणि चारांपैकी तीन कारखाने एका मालकाकडे आले. तेच तीन आता चेक समूहाकडे आहेत.

दारूची कथा याहून निराळी नाही. धूरविरहित दारूचा आत्मा म्हणजे नायट्रोसेल्युलोज. १८४६ साली बाझेल येथे शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लांची क्रिया करून ते सिद्ध केले. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएल याने त्यापासून लष्कराला वापरता येईल अशी दारू बनविली. आजही त्यासाठी लागणारा एक प्रमुख कच्चा माल म्हणजे सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले तेव्हापासून तोफगोळ्यांच्या मागणीने या रसायनाचा जगभर दुष्काळ पडला. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन युक्रेनला दिले. ते मुदतीत पाळता आले नाही. या तंतूंसाठी युरोप बव्हंशी चीनवर अवलंबून आहे, हे तेथील जबाबदार पुढाऱ्यांनी उघडपणे मान्य केले. जानेवारी २०२४ मध्ये अलायंट या अमेरिकन दारू-उत्पादकाने नायट्रोसेल्युलोजच्या टंचाईचे कारण देऊन सुट्या विक्रीचा पुरवठा थांबविला. खारकिवच्या आघाडीवर तोफ धडाडली की मोंटानातल्या शेतकऱ्याच्या टेबलावरचे दारूचे माप रिकामे राहू लागले.

घरच्या यंत्राने माणूस स्वतंत्र होतो, हा समज म्हणूनच तपासून पाहिला पाहिजे. ते यंत्र उत्पादनाच्या लांब साखळीतील शेवटची कडी तेवढी माणसाच्या हाती देते. आधीच्या कड्या थोड्या कारखान्यांच्या, युद्धांच्या आणि परदेशी मालकांच्या हातीच राहतात. चरख्यावर सूत कातणाऱ्याला पेळू दुसऱ्या देशातून आणावा लागला, तर त्या स्वदेशीला जेवढा अर्थ उरेल तेवढाच अर्थ या स्वावलंबनाला आहे.

टोपीच्या इतिहासातच एक गमतीदार विरोधाभास दडला आहे. १८६६ च्या सुमारास दोन प्रकारच्या टोप्या पुढे आल्या. एक बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची, दुसरी बर्डन या अमेरिकन अधिकाऱ्याची. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे सुईने टोपी सहज काढता येते. बर्डनच्या पद्धतीत छिद्रे बहुधा दोन आणि तीही बाजूला असतात. टोपी काढणे जिकिरीचे होते. पुढे इंग्रजाची टोपी अमेरिकेने उचलली, तर अमेरिकनाची टोपी युरोपातील लष्करांनी. अमेरिकेत काडतुसे घरी भरण्याचा छंद फोफावला आणि इतरत्र तो मर्यादित राहिला, याला कायदा आणि लोकस्वभाव यांच्याइतकेच ते एक मधले छिद्रही कारणीभूत आहे.

चार देश, चार कायदे

अमेरिकन कायद्याची या बाबतीतील भूमिका विसंगत आहे. संघराज्याच्या कायद्यात ‘काडतूस’ या शब्दाच्या व्याख्येत पुंगळी, टोपी, गोळी आणि दारू ही चारही येतात. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाजवळ नुसत्या टोप्या सापडल्या तरी तो अपराध ठरतो. पण तो त्या विकत घ्यायला गेला तर त्याला अडविणारे सहसा कोणी नसते. १९६८ च्या कायद्याने काडतुसांच्या विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक केले होते. १९८६ मध्ये ते बंधन बहुतांशी काढून टाकण्यात आले. स्वतःसाठी काडतुसे भरण्यास परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करावयाचा असेल तर लागतो आणि त्याची फी वर्षाला दहा डॉलर आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१६ मध्ये काडतूस-खरेदीपूर्वी तपासणीचा निर्णय घेतला, जुलै २०१९ पासून तो अमलात आला. न्यूयॉर्कनेही २०२३ मध्ये तोच मार्ग धरला. कॅलिफोर्नियातील तपासणी २०२४ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी आणि जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने घटनाबाह्य ठरविली. हा वाद घटनातज्ज्ञांना सोडून द्यावा. पण त्यात एक गोष्ट दुर्लक्षित राहते. ती तपासणी भरलेल्या काडतुसाची होती. टोपी, दारू आणि गोळी सुटी सुटी नेणाऱ्याला ती लागू नव्हती.

याचा अर्थ घरोघरी गुन्हेगार काडतुसे भरीत बसले आहेत असा नव्हे. तासन्‌तास बसून पुंगळ्या मोजणारा, वजन करणारा माणूस बहुधा चिकाटीचा नेमबाज किंवा शिकारी असतो. तरीही मर्यादेचा प्रश्न कसा उभा राहतो, हे ऑक्टोबर २०१७ मधील लास व्हेगासच्या हत्याकांडाने दाखविले. संगीताच्या कार्यक्रमाला जमलेल्या जमावावर हॉटेलच्या खिडकीतून गोळीबार करणाऱ्याच्या खोलीत चिलखतभेदी काडतुसे मिळाली. ती आरिझोनातील एका विक्रेत्याने घरी भरलेली होती. त्याच्या यंत्राच्या खुणा त्या काडतुसांवर आढळल्या. त्याला शिक्षा झाली ती परवान्याविना काडतुसे बनविल्याबद्दल, तेरा महिन्यांची. छंद कोठे संपतो आणि धंदा कोठे सुरू होतो, ही रेषा कायद्याला अनर्थ घडून गेल्यावरच दिसली.

युरोपातील काही देशांनी याहून वेगळा विचार केला आहे. जर्मनीत घरी काडतुसे भरण्यास मनाई नाही. परंतु दारू विकत घेण्यासाठी स्फोटक पदार्थांच्या कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो मिळण्यापूर्वी रीतसर अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनने २००६ च्या कायद्याने टोपीवर बोट ठेवले : शस्त्राचे प्रमाणपत्र किंवा तत्सम अधिकार दाखविल्याशिवाय टोपी विकता येत नाही. दोन्ही देशांनी साखळीतील अशी एकेक कडी निवडली, जी घरी बनविता येत नाही. नियंत्रण परिणामकारक व्हावयाचे तर ते अशाच जागी असावे लागते.

भारताचा मार्ग चौथा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या संज्ञेत काडतुसाचे सुटे भाग तर येतातच, पण काडतुसे बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. अमेरिकेत टपालाने घरपोच येणारे ते दाबयंत्र आपल्या कायद्याच्या दृष्टीने स्वतःच दारूगोळा आहे. परवान्यावाचून ते घरात ठेवणे हाच अपराध. या कडकपणाचे मूळ १८७८ च्या लिटनशाही कायद्यात आहे. त्या कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले, युरोपियनांना मात्र मोकळीक दिली. राष्ट्रसभेने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. स्वातंत्र्यानंतर भेदभाव गेला, पण नागरिकाविषयीचा संशय बराचसा कायम राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावरील बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि लग्न-मिरवणुकीतील बेफाम बारांना शिक्षा ठरविली. ही दुरुस्ती योग्यच होती.

आपल्याकडचे प्रश्न

तेव्हा, आपला कायदा पुरेसा आहे असे समाधान मानावे काय? दोन गोष्टी त्या समाधानाच्या आड येतात. पहिली म्हणजे, कायद्यातील व्याख्या कितीही व्यापक असली तरी बेकायदा बाजार थांबलेला नाही. गावठी कट्ट्यांबरोबर जप्त झालेल्या काडतुसांवर ‘के. एफ.’ ही अक्षरे असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात. ती खडकीच्या १८६९ साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याची खूण आहे. म्हणजे सरकारी कारखान्यातून रीतसर निघालेला माल वाटेत कोठेतरी गळतो. गळती घरच्या टेबलावर नसून कोठारे, दुकाने आणि हिशेबाच्या वह्या यांत आहे. प्रत्येक सराव-मैदानावर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेण्याची जी शिस्त आहे, ती दुकानदाराच्या साठ्यालाही तेवढ्याच काटेकोरपणे लागू झाली आणि काडतुसाच्या खोक्यापासून ग्राहकाच्या परवान्यापर्यंतची नोंद सलग राहिली, तर नव्या कलमांची फारशी गरज पडणार नाही.

दुसरी गोष्ट नेमबाजांची. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक आणले. या प्रकारात वापरले जाणारे .२२ चे काडतूस पुन्हा भरता येत नाही, कारण त्यातील स्फोटक रसायन वेगळ्या टोपीत नसून पुंगळीच्या कडेतच असते. म्हणजे उद्या घरगुती भरणयंत्रांना मुभा दिली, तरी या खेळाडूंना तिचा उपयोग नाही. त्यांना हवे आहे ते दर्जेदार देशी काडतूस. जागतिक स्पर्धेच्या तोडीची काडतुसे आजही ब्रिटन, जर्मनी, फिनलंड येथून मागवावी लागतात. त्यांचा खर्च प्रत्येक नवोदिताच्या सरावावर मर्यादा घालतो. मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी मात्र मान्यताप्राप्त मैदानांवर, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली पुनर्भरणाची सोय जर्मनीच्या धर्तीवर करता येण्यासारखी आहे. घरात नको, पण संस्थेत का नको, याचा विचार गृहमंत्रालयाने करावयास हरकत नाही.

उत्पादनाच्या बाजूने मोठे बदल होत आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ सरकारी आयुध-कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. खडकी, वरणगाव, भंडारा येथील कारखाने पुण्यात मुख्य कचेरी असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूर येथे खाजगी क्षेत्रातील मोठा काडतूस-कारखाना सुरू झाला. निर्यातीची भाषा आता उत्साहाने बोलली जाते. ती बोलताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. ज्या आखूड तंतूंसाठी युरोप हवालदिल झाला, ते देणारा कापूस विदर्भ-खानदेशच्या शेतकऱ्याच्या घरी पिकतो. पण त्या शेतकऱ्याच्या हाती सरकीच्या भावापलीकडे काही पडत नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ कामगार मृत्युमुखी पडले. दारूगोळ्याच्या उत्पादनाची गती वाढविताना कामगाराच्या जिवाचे माप आधी तोलून घेतले पाहिजे. घरच्या टेबलावरच्या यंत्राला जो नियम लागू, तोच राष्ट्राच्या कारखान्यालाही लागू आहे.

अमेरिकेने नागरिकावर इतका विश्वास टाकला की पाहणेच सोडून दिले; आपण इतका संशय धरला की यंत्रावर बंदी घालून निश्चिंत झालो. दोन्हींत मोजदाद करण्याचा कंटाळा सारखाच आहे. शस्त्रावरील लोकशाही नियंत्रण घोषणांनी किंवा नुसत्या बंदीने येत नाही. टोपी कोठे बनली, दारू कोठून आली, काडतूस कोणाला दिले आणि पुंगळी परत आली की नाही, या चार नीरस प्रश्नांची उत्तरे रोज लिहून ठेवण्याने ते येते. प्राग येथे बसलेल्या मालकाला यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर नक्की ठाऊक आहे. उरलेल्या तिन्हींची उत्तरे प्रत्येक राष्ट्राच्या सरकारजवळ असली पाहिजेत, आणि ती मागण्याचा हक्क त्या राष्ट्राच्या नागरिकांना असला पाहिजे.